कलप, आत्या आणि लिम्फोमा: केसांच्या डायने रक्ताचा कॅन्सर होतो का?

मागच्या वर्षी माझ्या आत्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा निघाला. आत्या इचलकरंजीत असते, वय चौसष्ट. मानेला गाठ आली, आधी सगळ्यांना वाटलं दाढेची सूज असेल, मग सुई घालून तपासलं, मग बायोप्सी आणि मग केमो सुरू. आणि केमो सुरू झाली की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. शहाळी घेऊन आलेल्या एका काकूंनी खुर्चीत टेकता टेकता ऐकवलं, "मी तेव्हाच म्हणत होते, तो डाय बंद करा. सगळं टाळूतनं रक्तात उतरतं." आत्या त्यांच्यापुढे काही बोलली नाही. रात्री साडेदहाला मला फोन. "अगं, तीस वर्षं लावतीय मी. माझ्याच हातानं झालं का गं हे?"

मी डॉक्टर नाही, ज्युनियर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते. पण हा प्रश्न खरंतर निम्मा डॉक्टरांचा आणि निम्मा आमच्यासारख्यांचाच आहे, कारण "अमक्याने तमकं होतं का" याचं उत्तर शेवटी मोजणीतूनच येतं. म्हणून सुट्टीत बसून जे वाचलं ते आत्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं आणि तेच आता इथे लिहितेय, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे रक्ताचा कॅन्सर हा एक आजार नाही, ते एक आडनाव आहे आणि त्या घरात बरीच भावंडं आहेत. ल्युकेमिया म्हणजे बोनमॅरोत, हाडांच्या आतल्या मगजात, पांढऱ्या पेशी बेताल वाढतात आणि रक्तात पसरतात. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि मान, काख, जांघ इथल्या गाठी फुगतात, त्याचे दोन मोठे गट, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन, आणि नॉन-हॉजकिनच्या पोटात परत डझनावारी प्रकार. मायलोमा म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा. या सगळ्यांची कारणं वेगळी, वागणं वेगळं, औषधं वेगळी. त्यामुळे "डायने ब्लड कॅन्सर होतो" असं सरसकट वाक्य कुणी फेकलं की पहिला प्रश्न हाच, कुठला? आणि दुसरा प्रश्न, कुठला डाय?

कारण डायसुद्धा एक नाही. एक असतो वरवरचा, जो आठ-दहा वेळा केस धुतले की निघून जातो, त्यात रंगाचे कण आधीच तयार असतात आणि ते केसाला बाहेरून चिकटतात. आणि दुसरा तो, जो आपल्याकडे बहुतेक घरात येतो, पर्मनंट. त्याची गंमत अशी की ट्यूबमध्ये किंवा पुडीत काळा रंग नसतोच. त्यात असते पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, आणि तिच्या जोडीला रिसॉर्सिनॉलसारखं एखादं रसायन. अमोनिया केसाची वरची खवल्यांसारखी पापुद्री उघडतो, हे छोटे रेणू आत शिरतात, मग डेव्हलपरमधला हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना पेटवतो म्हणा ना, आणि ते एकमेकांना जोडले जाऊन केसाच्या आतच मोठे रंगीत रेणू बनतात, इतके मोठे की आल्या वाटेने परत बाहेर पडता येत नाही. म्हणून तो रंग धुतला तरी जात नाही आणि म्हणूनच दर तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरी रेघ दिसते, कारण नवीन केस वाढलेला असतो. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर नावाच्या केमिस्टने या जातीचा डाय बनवून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे लॉरियाल उभी राहिली. मूळ युक्ती आजही तीच आहे. शेड जितकी गडद तितकी पीपीडी जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हो, "मी डाय नाही बाई लावत, मी काळी मेंदी लावते" म्हणणाऱ्यांनीही वाचत राहा. मेंदीच्या पानातला रंग केशरी-लाल असतो, पांढऱ्या केसावर तो काळा होऊच शकत नाही. मेंदीनंतर नीळ, म्हणजे नीळीच्या झाडाची पावडर लावली तर काळपट येतो, पण त्याला दोन दोन तास जातात. पाऊण तासात कुळकुळीत काळे करणारी जी "काळी मेंदी" मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडीच असते, मेंदी नावाला. पुडीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

आता काकूंचं "टाळूतनं रक्तात उतरतं". खरं सांगू, काकू पूर्ण चुकीच्या नाहीत. पीपीडी टाळूच्या कातडीतून थोडीशी आत जाते, लावलेल्यातला अगदी छोटा हिस्सा, साधारण शंभरात एखादा भाग किंवा त्याहून कमी. कातडीतच एक एन्झाइम तिच्यावर प्रक्रिया करतं आणि बहुतेक सगळी एक-दोन दिवसात लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून तर शास्त्रज्ञांनी सुरुवातीला मूत्राशयाच्या कॅन्सरकडे बघितलं, रक्ताकडे नंतर. पण रक्तातून जाते हे खरं, आणि पीपीडी ज्या रसायनांच्या कुळातली, अ‍ॅरोमॅटिक अमिन, त्या कुळातली काही मंडळी पक्की कॅन्सर करणारी आहेत हेही खरं. त्यातलं एक, ४-अमिनोबायफिनाइल, काही डायमध्ये भेसळीसारखं अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलंसुद्धा आहे. तर शंका घ्यायला जागा आहे, कुणी उगाच उठवलेली आवई नाही ही.

शंकेची खरी सुरुवात १९७५ साली झाली. कॅलिफोर्नियात बर्कलेला ब्रूस एम्स नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी एक स्वस्त आणि झटपट टेस्ट काढली होती. साल्मोनेला नावाचे जंतू घ्यायचे, असे की ज्यांना जगायला लागणारं एक अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, त्यांच्यावर रसायन टाकायचं, आणि त्यांच्या डीएनएत बदल होऊन ते परत बनवायला लागले की कळतं हे रसायन डीएनए बिघडवू शकतं. त्यांनी बाजारातले १६९ पर्मनंट डाय तपासले आणि त्यातले १५० या टेस्टमध्ये सापडले. शंभरात एकोणनव्वद! अमेरिकेत खळबळ उडाली. मग १९७८ च्या सुमाराला तिथल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने डायमधलं एक रसायन, २,४-डायअमिनोअ‍ॅनिसोल, उंदरांना खाण्यातून दिलं आणि त्यांना थायरॉइडच्या गाठी झाल्या. कंपन्यांनी कुरकुरत का होईना, फॉर्म्युले बदलले, ते रसायन काढलं. त्यामुळे साधारण १९८० ही एक रेषा मानतात, अलीकडचे डाय आणि पलीकडचे डाय.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, जंतूंच्या टेस्टमध्ये नापास म्हणजे माणसात कॅन्सर असं होत नाही. पुढे याच एम्सनी आयुष्यभर सांगितलं की अशी रसायनं भाजीपाल्यात आणि भाजलेल्या कॉफीतही नैसर्गिकपणे असतात, प्रमाण बघा. तर टेस्ट म्हणजे दारावरची घंटा. कोण आलंय ते दार उघडूनच बघावं लागतं, आणि दार उघडणं म्हणजे खऱ्या माणसांचा अभ्यास.

माणसांचा अभ्यास कसा करायचा? एक सोपी रीत अशी, ज्यांना आजार झालाय असे काहीशे लोक घ्या, त्यांच्याच वयाचे, त्याच भागातले न झालेले लोक घ्या, आणि दोघांना विचारा, डाय लावायचात का, कुठला, किती वर्षं. अमेरिकेत आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का या शेतीवाल्या राज्यांत ऐंशीच्या दशकात हेच चाललं होतं. लिम्फोमाचं प्रमाण तिकडे भराभर वाढत होतं, मुख्य संशय कीटकनाशकांवर होता, पण प्रश्नावलीत डायचाही प्रश्न होता. १९८८ मध्ये आयोवा-मिनेसोटातल्या पुरुषांत (हो, पुरुषांत, मिशीला कलप लावणाऱ्यांनी हसू नये) डाय वापरणाऱ्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा जवळपास दुप्पट दिसला. १९९२ मध्ये नेब्रास्कातल्या बायकांत दीडपट. पेपरात मथळे आले नसते तरच नवल.

पण या रीतीत एक खोट आहे आणि ती खोट मला आत्याच्या फोनमध्ये अक्षरशः ऐकू आली. आजारी माणूस रात्र रात्र जागून आठवत बसतो की मी काय केलं होतं. आत्याने मला डायची तीस वर्षं, ब्रँड बदलल्याचं साल, भावाच्या लग्नात बाहेरून आणलेला डाय, सगळं सांगितलं. तोच प्रश्न मी तिच्या जावेला विचारला, जिला काहीही झालेलं नाही, तर ती म्हणाली, "लावते की अधूनमधून, कधीपास्नं काय माहीत." दोघी एकाच दिवशी एकाच न्हाणीघरात बसून डाय लावायच्या! म्हणजे ज्याला आजार झाला त्याच्याकडून जास्त आठवण निघते आणि मग कागदावर डाय आणि आजार यांचं नातं असल्यापेक्षा जास्त घट्ट दिसतं. आठवणीचा कल असं म्हणू आपण त्याला.

म्हणून दुसरी रीत, जी महाग आणि वेळखाऊ. निरोगी लोक घ्या, आधीच विचारून ठेवा, आणि मग वर्षानुवर्षं थांबा. कुणाला काय होतंय बघा. तेव्हा आजार माहीतच नसतो त्यामुळे आठवण पक्षपात करत नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ मध्ये असं सुरू केलं आणि १९९४ मध्ये ५,७३,३६९ बायकांचा निकाल छापला. एकूणात डाय लावणाऱ्यांचे कॅन्सरने मृत्यू न लावणाऱ्यांपेक्षा किंचित कमीच, ०.९३ पट. आता याचा अर्थ डाय कॅन्सरपासून वाचवतो असा काढू नका, डाय लावणाऱ्या बायका बहुधा थोड्या जास्त पैसेवाल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या असतील, अशा शंभर गोष्टी मध्ये असतात. पण त्याच अभ्यासात एक कोपरा होता ज्याने सगळ्यांचे कान टवकारले. काळा डाय वीस वर्षांहून जास्त लावणाऱ्या बायकांत लिम्फोमाने मृत्यू ४.४ पट, मायलोमाने पण ४.४ पट.

काळा. वीस वर्षं. हे वाचताना माझ्याही पोटात गोळा आला, आत्याचंच वर्णन ते. पण मग मी मुलांना शिकवते तेच केलं, आकड्याच्या शेजारचा कंस बघितला. ४.४ हा अंदाज आहे आणि खरा आकडा १.३ पासून १५.२ पर्यंत कुठेही असू शकतो असं तिथे लिहिलंय. एवढी मोठी फाक का, तर अशा बायकाच मुळात फार थोड्या होत्या, डाय लावणाऱ्यांतल्या शंभरात एकसुद्धा नाही. थोड्या माणसांवरून काढलेला आकडा हा पहिल्या दोन ओव्हरच्या रनरेटसारखा असतो, पुढे कुठेही जाऊ शकतो. दुर्लक्ष करू नये, पण त्यावर मॅचचा निकालही लावू नये. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेतल्याच नर्सेसच्या एका मोठ्या अभ्यासात, ९९,०६७ बायका, रक्ताच्या कॅन्सरशी काहीच नातं सापडलं नाही.

असे उलटसुलट अभ्यास साठले की कुणीतरी सगळ्यांची मोट बांधतं. २००५ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी ११ देशांतले ७९ अभ्यास एकत्र केले. स्तनाचा कॅन्सर, नातं नाही. मूत्राशय, नाही. रक्ताचे कॅन्सर सगळे मिळून, १.१५ पट. म्हणजे १५ टक्के जास्त.

आता इथे थांबूया, कारण हा "१५ टक्के" नीट समजला नाही तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. १५ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या पंधरा जणींना कॅन्सर होणार असं नाही!! माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं इथेच घसरतात. १५ टक्के कशाच्या जास्त? जे मूळ प्रमाण आहे त्याच्या. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होतो. तीन धरू. इचलकरंजीत समजा दीड लाख बायका आहेत, म्हणजे वर्षाला साडेचार केसेस. सगळ्याच्या सगळ्या दीड लाख बायकांनी डाय लावायला घेतला आणि १.१५ पट हा आकडा पूर्ण खरा धरला तर साडेचारच्या जागी पाच आणि थोडं वर. पूर्ण गावात वर्षाला एक केससुद्धा वाढत नाही. ज्या घरात ती केस असेल त्या घराला हे गणित काडीचं समाधान देणार नाही हे मला कळतं, मी त्याच घरातली आहे. पण भीती किती बाळगायची हे ठरवायला हे गणित लागतंच. तुलनेला सिगरेट घ्या, तिने फुप्फुसाचा कॅन्सर १५ ते ३० पट होतो. पट! टक्के नाही.

आणि १.१५ इतका बारीक फरक असला की तो खरा आहे की आठवणीच्या कलाने, सिगरेटने, वयाने आलाय हे वेगळं काढणं फार अवघड जातं.

मग ती १९८० ची रेषा. २००८ मध्ये चार अभ्यासांचा मूळ डेटा एकत्र केला गेला, ४,४६१ लिम्फोमाचे पेशंट आणि ५,७९९ निरोगी लोक. ज्या बायकांनी १९८० च्या आधी डाय सुरू केला त्यांच्यात सुमारे १.३ पट. नंतर सुरू केलेल्यांत एकूण वाढ दिसली नाही, फक्त गडद शेड वापरणाऱ्यांत एका प्रकारचा लिम्फोमा, फॉलिक्युलर, थोडा वर दिसला. पुरुषांत काहीच नाही, म्हणजे आयोवातली ती दुप्पट इथे विरघळून गेली. ऐकायला छान वाटतं की जुने डाय वाईट होते, नवे चांगले, प्रश्न मिटला. मला स्वतःला ते तितकं साफ वाटत नाही, कारण ज्यांनी १९८० च्या आधी सुरुवात केली त्यांनी जास्त वर्षंही लावला ना. रसायन बदललं म्हणून फरक पडला की वर्षं कमी म्हणून, हे या आकड्यांतून सुटं होत नाही. आत्याने १९९४ नंतर सुरू केला. तिला मी एवढंच सांगितलं की तू रेषेच्या अलीकडे आहेस.

सगळ्यात वजनदार अभ्यास सप्टेंबर २०२० मध्ये आला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. परत त्या अमेरिकन नर्सेसच, १,१७,२०० जणी, आणि ३६ वर्षं पाठपुरावा. ३६ वर्षं म्हणजे कितीतरी संशोधक मध्ये रिटायर झाले असतील. पर्मनंट डाय घरी लावणाऱ्यांत एकूण कॅन्सर वाढलेले नाहीत, कॅन्सरने मृत्यू वाढलेले नाहीत, ल्युकेमिया, नॉन-हॉजकिन, मायलोमा यांत वाढ नाही. काही ठिकाणी खूण दिसली, काही प्रकारचे स्तनाचे कॅन्सर, अंडाशयाचा, कातडीचा एक सौम्य वळणाचा कॅन्सर, आणि रक्तापैकी फक्त हॉजकिन लिम्फोमा, तोही फक्त त्यांच्यात ज्यांचे मूळ केस गडद होते.

मूळ केस गडद. आपण सगळे! म्हणून हे जरा उघडून सांगते. गडद केसवाल्या बायका गडद डाय घेतात, गडद डायमध्ये पीपीडी जास्त, त्यामुळे हे कारण असू शकतं असं त्या संशोधकांनीच म्हटलंय. पण हॉजकिन मुळातच दुर्मिळ, त्यात परत गडद केसांचा तुकडा वेगळा काढला की उरलेली संख्या छोटी होते, म्हणजे पुन्हा दोन ओव्हरचा रनरेट. शिवाय या नर्सेस जवळपास सगळ्या गोऱ्या. आपल्याकडे केस काळे, डाय काळा, सुरुवात पस्तिशीत, आणि मोजदाद झालीय दुसऱ्यांच्या डोक्यांची. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खटकणारं आहे. निकाल आपल्याला लागू नाही असं नाही, पण आपल्या मापाने शिवलेला नाही.

मग "डब्ल्यूएचओने डायला कॅन्सर करणारा म्हटलंय" हे कुठून येतं? फॉरवर्डमध्ये ते हमखास असतं. जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समध्ये लियाँला एक संस्था आहे, आयएआरसी, ती वस्तूंचे गट पाडते. २००८ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी डायचा विषय घेतला आणि दोन वेगळे निकाल दिले. घरी स्वतःच्या केसांना लावणं, गट ३, म्हणजे पुरावा अपुरा, काही ठरवता येत नाही. या गट ३ मध्ये आपला चहासुद्धा आहे. आणि न्हावी किंवा हेअरड्रेसर म्हणून काम करणं, गट २ए, बहुधा कॅन्सरकारक, ते मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरवरून. फॉरवर्ड करणारे दुसरा निकाल उचलतात आणि पहिल्याला चिकटवतात. अजून एक, हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. २ए मध्ये रात्रपाळी पण आहे आणि ६५ अंशांच्या वर कढत चहा पिणं पण आहे.

पण त्या दुसऱ्या निकालावरून मला आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरमधली ताई आठवते. आपण महिन्यातून एकदा लावतो, ती दिवसाला पाच-सहा डोकी करते, पावडर कालवताना नाकातोंडात जाते, ग्लोव्ह्ज एकच जोडी धुवून धुवून वापरते आणि अंगठ्याला फाटलेली असते, आणि खोलीला खिडकी नाही, एसी लावला म्हणून दार बंद. तिच्या बोटांना भेगा आहेत, विचारलं तर म्हणते "पाण्यानं होतंय". डायच्या भीतीची चर्चा खुर्चीत बसणारीबद्दल होते, मागे उभी असते तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पुढच्या वेळी जाताना ग्लोव्ह्जचा एक बॉक्स घेऊन जा, फार महाग नसतो.

आणि पार्लरचा विषय निघालाच आहे तर, रक्ताच्या कॅन्सरचीच काळजी असेल तर डायपेक्षा केस सरळ करायच्या त्या केरॅटिन ट्रीटमेंटकडे आधी बघा. त्यातल्या बऱ्याच लोशनमधून गरम इस्त्री फिरवली की फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, तीच ती डोळे चुरचुरणारी. फॉर्माल्डिहाइड आयएआरसीच्या गट १ मध्ये आहे, पक्कं कॅन्सरकारक, आणि ज्या कॅन्सरसाठी आहे त्यात ल्युकेमियाचं नाव आहे. तिथेही जास्त धोका रोज करणारीलाच, पण डायला घाबरून केरॅटिन करणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत म्हणून सांगितलं. पेट्रोलमधलं बेंझीन, किरणोत्सर्ग, काही जुनी केमोची औषधं, एचआयव्हीसारखे काही व्हायरस, ही रक्ताच्या कॅन्सरची ओळखीची कारणं आहेत. बहुतेक पेशंटमध्ये मात्र बोट दाखवावं असं एक कारण सापडतच नाही. पेशी लाखो वेळा दुभंगते, कधीतरी नक्कल चुकते, वय वाढतं तशा चुका साठतात.

डायचा जो त्रास खरोखर, नक्की, रोजच्या रोज कातडीच्या डॉक्टरांकडे येतो तो म्हणजे अ‍ॅलर्जी. पीपीडीची अ‍ॅलर्जी वीस वर्षं लावल्यावरही एकविसाव्या वर्षी उगवू शकते, कपाळ सुजतं, डोळे मिटतात, कानामागे पाणी सुटतं. आणि एकदा झाली की जन्माची. म्हणून ते पुडीवर लिहिलेलं कुणीही न करणारं काम करा, कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून ४८ तास थांबा, दर वेळी. अमोनिया फ्री म्हणजे पीपीडी फ्री नव्हे, अमोनियाच्या जागी दुसरं काहीतरी असतं एवढंच, वास कमी येतो. हर्बल या शब्दाला तर काही अर्थच नाही. कमी लावायचं असेल तर सोपं आहे, अख्ख्या डोक्याला दर वेळी न थापता फक्त मुळांना लावा, टाळूवर घासू नका, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका ("अजून पंधरा मिनिटं ठेवलं की पक्का बसतो" हे आईचं शास्त्र आहे, रसायनाचं नाही), काळ्याऐवजी एखादी फिकी शेड घ्या, ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी ठेवा. टाळूला जखम किंवा खाज असेल तेव्हा नको. आणि कालवलेली वाटी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पीपीडी पोटात गेली तर घसा सुजून श्वास अडतो, किडनी जाऊ शकते, तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आत्याला मी शेवटी काय सांगितलं? की तुला डायमुळे झालं असं कुणीही सिद्ध करू शकत नाही, अजिबात झालं नाही असंही छातीठोक सांगता येत नाही, पण सगळे आकडे मांडले तर डायचा वाटा असलाच तर इतका लहान आहे की तीस वर्षांची शिक्षा स्वतःला देत बसायचं काही कारण नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या काकू स्वतः लावतात की गं, काळी मेंदी." मी म्हटलं त्यात पीपीडी असते. ती हसली, केमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा असं खळखळून.

सहा सायकल झाल्या, स्कॅन चांगला आला. केस परत आलेत, बोटभर, पांढरेशुभ्र आणि चक्क कुरळे, आधी सरळ होते. डॉक्टरांना तिने तपासणीत पहिला प्रश्न डायचाच विचारला, जावयासमोर. ते म्हणाले काही महिने जाऊ द्या, टाळू नाजूक असते, मग कानामागे लावून बघा आणि करा काय करायचं ते. भाऊ चिडलाय, म्हणतो आता तरी पुरे कर. ती ऐकायची नाही. काल मला दोन खोक्यांचे फोटो पाठवलेत, एक बर्गंडी आणि एक नॅचरल ब्राऊन, आणि खाली लिहिलंय, "मागचं वाचता येईना, यात तुझी ती पीपीडी आहे का बघ."